सोन्याच्या उतरंडीतलं दहावं नाव

एका राज्यात पालख्या उडत असत. उडत म्हणजे खरोखरच, वाऱ्यावरून, ढगांच्या वर! राजा धवलकेतूच्या पालखीखान्यात दहा-दहा कारागिरांच्या टोळ्या होत्या. ज्या टोळीनं पालखी बांधली तीच टोळी ती उडवी, दहा दोर दहाजणांच्या हाती. वारा दोरात पकडायचा, एवढीच काय ती विद्या. सगळं इतकं सुरेख चाललं होतं की त्रिजट मांत्रिकाला ते बघवेना.

त्यानं राजाला एक सोन्याची उतरंड नजर केली. एकावर एक दहा घागरी, खाली सर्वांत मोठी, वर अगदी चिमुकली.

"महाराज, ही बोलते," तो म्हणाला. "दर दसऱ्याला प्रत्येक टोळीची नावं ही लायकीप्रमाणे घेईल. पहिल्याच्या हातात सोन्याचं कडं येईल. दहावा पक्षी होईल आणि त्याच्या वजनाइतकं सोनं घागरीत पडेल."

"आणि दहाहीजण उत्तम असले तर?"

"तरी दहावा असतोच, महाराज."

राजाला हे फार हुशारीचं वाटलं. राजांना अशा गोष्टी हुशारीच्या वाटतात.

मग काय विचारता! पालखीखान्याची रयाच गेली. शेजाऱ्याचा दोर सुटलेला दिसला तरी लोक तोंडात मिठाची गुळणी धरून बसू लागले. उत्तम कारागीर उत्तम कारागिराच्या टोळीत जायला तयार होईना. टोळीचे नाईक तर असे पोहोचलेले की ज्यांना दोर आणि सुतळीतला फरक कळत नाही अशी माणसं मुद्दाम कामावर घेऊ लागले. दसऱ्याला कोणाचा तरी बळी द्यायचा, तर मग हाच बरा. पालख्या मात्र आता झाडांच्या शेंड्यांना घासून चालू लागल्या.

त्याच पालखीखान्यात केतकी आणि तिचा थोरला भाऊ माणकोजी एका टोळीत होते. केतकीनं एक नवी गाठ शोधून काढली होती. ती मारली की वादळसुद्धा वासरासारखं मागून येई. ही गाठ तिनं कोणालाच दाखवली नाही. भावालाही नाही. दसऱ्याला उतरंडीनं पहिलं नाव घेतलं केतकीचं, आणि दहावं माणकोजीचं. तिच्या मनगटावर कडं चढलं आणि डोळ्यांदेखत तिचा दादा हिरवागार राघू झाला.

पक्षी झालेला माणूस पुढच्या दसऱ्यापर्यंत बोले. मग बोली विसरे, माणसं विसरे आणि रानात निघून जाई. माणकोजी बहिणीच्या खांद्यावर बसून राही. आधी तो गप्पा मारी, मग चार शब्द बोले, मग नुसतं "केतके, केतके" म्हणू लागला. दसरा तोंडावर आला तेव्हा केतकीला ते ऐकवेना. ती तडक दरबारात गेली आणि उतरंडीपुढे उभी राहिली.

"माझा भाऊ परत दे."

"तीन कामं कर," उतरंड म्हणाली. "केलीस तर मी फुटेन आणि सारे पक्षी माणसं होतील. चुकलीस तर तूही पक्षी. पंचफणी नागाच्या पहाऱ्यातलं पोकळ चंदन आण. करकोच्यांच्या राजाचं पीस आण. आणि ज्यांच्यात दहावा कोणी नाही, असे दहाजण माझ्यापुढे आण."

तिसरं काम ऐकून त्रिजट पोट धरधरून हसला. केतकी निघाली.

चंदनाला पंचफणी नाग वेटोळं घालून बसला होता. पाच तोंडं एकदम फुत्कारली. केतकीनं हात जोडले.

"नागराज, तुमच्या पाचांत श्रेष्ठ कोण? त्यालाच नमस्कार करते."

"मी," पहिला फणा म्हणाला. "तू कसला?" दुसरा म्हणाला, आणि तिसऱ्यानं दोघांनाही डसलं! अशी जुंपली, अशी जुंपली, की पाहता पाहता पाचही फणे विषानं गळून पडले. केतकीनं चंदन उचललं, पण तिचा आनंद तिथंच विरला. मेलेला नाग बघून तिला आपली टोळी आठवली.

करकोच्यांचा राजा शोधायला ती थव्याबरोबर उडाली, एका म्हाताऱ्या करकोच्याच्या पाठीवर बसून. बाणासारखा थवा वारा कापत चालला होता.

"तुमचा राजा कोणता?" तिनं विचारलं.

"आत्ता पुढं आहे तो. वारा त्याच्या छातीवर बसतो. दमला की तो मागं जाईल, दुसरा पुढं येईल."

"मग शेवटचा कोण?"

"कधीचा विचारतेस?" करकोचा म्हणाला, आणि उडत उडत स्वतःच पुढं झाला. राजा झाल्याबरोबर त्यानं आपलं पीस तिला काढून दिलं. केतकी वेड्यासारखी हसली. तिला तिसरं काम उमगलं होतं!

पालखीखान्यात येऊन तिनं हातातलं कडं उतरवलं आणि टोळीला बोलावलं. माणकोजीच्या जागी नाईकानं गोंदाजी नावाचा पानविक्या घेतला होता, अर्थात दहावा व्हायला. बिचाऱ्याला दोर धरायचा कसा हेही ठाऊक नव्हतं.

"बसा," केतकी म्हणाली. "माझी गाठ शिकवते."

"सगळ्यांना?" गोंदाजीनं विचारलं. "बाई, मग तुमचा पहिला नंबर जाईल."

"गेला तर गेला. त्याच्यापायी माझा दादा गेला."

आठजण एकमेकांकडे बघत राहिले. गोंदाजी मात्र पुढं सरकला आणि दोर हातात घेतला. मग एकेक करून सगळे बसले. ज्याला जे येत होतं, ते त्यानं सांगितलं, आणि पोकळ चंदनाची, पिसाच्या शिडाची पालखी उभी राहिली.

दसऱ्याच्या सकाळी दरबार भरला. उतरंड घुमू लागली आणि तिच्यासमोरूनच दहाजणांची पालखी सूं करत आभाळात चढली! खांद्यावरचा राघू आता गप्प होता. पुढच्या दोरावर जो असेल त्याच्या अंगावर सगळा वारा, आणि तो दमला की मागं, मागचा पुढं.

"दहावा गोंदाजी," उतरंड गरजली.

पण गोंदाजी तर पुढं होता! पानं लावणाऱ्या हातांनी त्यानं वादळ धरलं होतं आणि साऱ्यांना तोच ओढत होता.

"दहावा राणोजी. नाही, सुभाना. नाही, केतकी." नाव घ्यावं तो माणूस पुढं आलेला. घागरी गरगरा फिरू लागल्या, एकमेकींवर आपटू लागल्या. उतरंडीला कोणीतरी दहावा हवाच होता. शेवटी ती किंचाळली, "दहावा त्रिजट," आणि मांत्रिकाचं तिथल्या तिथं वटवाघूळ झालं. त्याबरोबर खाड खाड खाड, दहाही घागरी फुटल्या.

रानारानातून माणसं चालत आली. कोणाच्या केसांत अजून पिसं, कोणाच्या तोंडात फळ. दरबारात नुसता कल्लोळ माजला. राजा धवलकेतू मात्र भांबावून सोन्याच्या तुकड्यांकडे बघत होता.

"आता चांगलं काम कोणाचं, हे मला कळायचं कसं?"

"पालखीखान्यात येऊन बघावं, महाराज," केतकी म्हणाली.

राजा गेला. पहिल्यांदाच गेला, आणि संध्याकाळपर्यंत तिथंच रमला. पुढे कोणाचं काम कच्चं निघालं तर त्याला शेजारी शिकवू लागला, आणि पालख्या पुन्हा ढगांवरून चालू लागल्या.

त्या दसऱ्याला पालखी उतरली तेव्हाच केतकीशेजारी माणकोजी उभा होता, माणूस झालेला. त्यानं दोरावरची गाठ बोटांनी चाचपली.

"ही मला का नाही दाखवलीस, केतके?"

"भ्याले होते, दादा. तू माझ्या पुढं जाशील म्हणून."

माणकोजीनं गाठ सोडली आणि दोर तिच्या हातात दिला.

"बांध," तो म्हणाला. "सावकाश बांध. मी बघतो."