सोनाईच्या घराची झडती

या, सावकाश या, उंबरा उंच आहे. हे सोनाईचं वीटघर. आता याला संग्रहालय म्हणतात, पाटीही लागली आहे. आत पितळी भांडी, जाती, पेटारे मांडलेत. पण एका बाईचं राहतं घर सगळ्यांना खुलं कसं झालं, ते आमचे वडीलधारे सांगत आले तसंच सांगतो.

तेव्हा बोरखडीत सगळी घरं मातीची होती. पक्क्या विटांचं एकट्या सोनाबाई कुंभारणीचं, तेही उंचवट्यावर. नवरा गेल्यावर तिनं स्वतः विटा भाजून ते बांधलं, म्हणे. एका साली नदीला मोठा पूर आला. गावानं आपलं किडुकमिडुक तिच्या घरात आणून टाकलं आणि माणसं टेकडीवर गेली. सोनाबाई राखणीला मागे राहिली.

तीन दिवसांनी पाणी ओसरलं. ज्याचं त्याला मिळालं. पाटलांच्या सुनेचा चांदीचा तोडा तेवढा सापडेना.

मग कुजबुज सुरू झाली. बाई एकटीच मागे का थांबली? कुंभारणीला पक्कं घर झेपलं कसं? मागची भिंत ओली दिसते, ती नव्यानं तर लिंपली नसेल? पुरानं सगळं गावच ओलं होतं, पण ते कोणी ध्यानात घेतलं नाही. शेवटी पाटील माणसं घेऊन आले आणि त्यांनी ती भिंत उतरवायला लावली. सोनाबाई अंगणात उभी राहून बघत होती, असं सांगतात. शेवटची वीट निघाली, तरी हाती काही लागलं नाही.

पाटील म्हणाले, "बाई, झालं गेलं विसरून जा."

"तुमच्या मनातून गेलं का, पाटील?"

पाटलांची नजर पुन्हा विटांच्या ढिगाकडे वळली.

"मग हे घर आता माझं नाही. भिंत तुम्ही पाडली, तुम्हीच बांधा. आणि दार कुणाला बंद करू नका. ज्याला शंका येईल त्यानं यावं, शोधावं."

ती भट्टीपाशी झोपडी घालून राहिली. या घराची पायरी पुन्हा चढली नाही. गावानं भिंत उभी केली. लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा, पुरातून वाचलेली भांडी लोकांनी परत इथंच आणून ठेवली. तीच तुम्ही आत बघाल.

तोडा मात्र कधीच मिळाला नाही.

आजही पावसाळा सरला की घरटी एक माणूस येतो, मागच्या भिंतीची सैल झालेली वीट काढतो आणि चुन्यात पुन्हा बसवतो. सोनाईचा मान म्हणून करतात. त्यामुळेच घर टिकलं. मीही दरवर्षी एक बसवतो. आणि खोटं कशाला सांगू, बसवण्याआधी त्या पोकळीत हात घालून बघतो.