करपलेल्या पावावरचा अंगठा

एर्ला नदीच्या काठी लिंडेनश्टेग नावाचे जुने शहर आहे. धुक्याच्या सकाळी दगडी पूल ओलांडू लागले, की शहर दिसायच्या आधी नाकाला करपट वास येतो. मिरजेच्या प्रमिलाताई सहलीबरोबर तिथे गेल्या, तेव्हा पुलावरच थबकल्या आणि सवयीने म्हणाल्या, "कुणाचं तरी करपलंय बघा."

सहलीच्या मॅनेजरने ते म्हाताऱ्या गाईडला, रूपर्टना, सांगितले. रूपर्ट मनापासून हसले. बाहेरून येणारी प्रत्येक सुगरण हेच म्हणते, म्हणाले, आणि सगळ्यांना धक्क्यावरच्या जुन्या भट्टीपाशी घेऊन गेले. तिथे खिडकीत कोळशासारखा काळा पाव ठेवला होता. त्यावर अंगठ्याचा खोल ठसा होता. त्याची कथा अशी सांगतात.

फार पूर्वी लागोपाठ पिके बुडाली आणि शहरातले धान्य सरत आले. तेव्हा नावाडी वरच्या खोऱ्यात धान्य आणायला गेले. त्यांत भट्टीवाल्या वाल्बुर्गाचा नवरा कास्पर होता. वाल्बुर्गा तोंडाची फटकळ, म्हणे. तिच्यापुढे बोलण्यात कुणाची डाळ शिजत नसे. साऱ्या आळीचे पाव तिच्याच भट्टीत भाजले जात. आपला कुठला ते कळावे म्हणून जो तो कणकेवर खूण करी, कुणी मासा काढी, कुणी किल्ली. समोर राहणाऱ्या ओटिलियाचा नवरा नदीत गेलेला, पदरात लहान मुले. तिला नक्षी काढत बसायला सवड कुठली? ती नुसता अंगठा दाबी.

नावा परतायच्या सकाळी असे धुके पडले, की पुढे केलेल्या हाताची बोटे दिसेनात. धक्क्याच्या जरा खाली दगडी बंधारा आहे. धक्का चुकला, की नाव थेट त्याच्यावर. रिवाजाप्रमाणे चर्चची घंटा वाजू लागली. पण एका काठाला उभा कडा आणि दुसऱ्या काठाला किल्ल्याची भिंत, त्यामुळे नाद दोन्हीकडून उलटून येई. धुके आले की घंटा वाजवायची, नाव फुटली की नदीला बोल लावायचा आणि पुढच्या धुक्यात घंटा आणखी जोराने वाजवायची, असे पिढ्यानपिढ्या चालले होते.

त्या दिवशीही सर्वांत पुढची लहान नाव फुटली. तिच्यावरचा एकटा नावाडी पोहत काठाला लागला. लोकांनी त्याला शेकायला भट्टीपाशी आणले.

"घंटा चहूबाजूंनी वाजत होती," तो कुडकुडत म्हणाला. "काठ कळला तो करपल्या वासानं. त्याच्या रोखानं हात मारत आलो."

धावपळीत वाल्बुर्गा स्वतःचा पाव भट्टीत विसरली होती, त्याचा तो वास.

तिला कळायचे ते कळले. पण तो पाव जळून गेला होता. उरले होते ते फळीवर मांडलेले आळीचे कच्चे पाव, शहरातले शेवटचे पीठ. ते जाळूनही नावा आल्या नाहीत, तर मुलाबाळांनी खायचे काय? आणि न जाळावेत, तर कास्पर बंधाऱ्यावर जाणार. दुसऱ्याच्या तोंडचा घास जाळायचा हक्क तिला नव्हता. एरवी कुणाला न ऐकणारी ती बाई दारात उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती मनातल्या मनात नवस बोलली, की नावा सुखरूप येऊ देत, धुक्याच्या प्रत्येक सकाळी या भट्टीतला पहिला पाव पाण्यावरच्या माणसांसाठी जळेल.

दाराशी जमलेल्यांनाही सारे उमगले होते. पण पुढे कोण होणार? ओटिलिया झाली.

"माझा आधी टाक."

"अगं, तुझी पोरं?"

"पोरं आज भुकेनं रडतील. माझी गेलं वर्षभर बापासाठी रडताहेत. टाक म्हणते ना."

तिचे कुणी त्या नावांवर नव्हते. तिचा नवरा याच बंधाऱ्यावर गेला होता.

मग माशाच्या खुणेचा आला, किल्लीचा आला, सगळेच आले. घंटा थांबवली. पाव निखाऱ्यावर धुमसू लागले, धूर पाण्यावर पसरला आणि त्या वासाच्या मागाने एकेक नाव धक्क्याला लागत गेली. कास्पर उतरता उतरता म्हणाला म्हणे, "भट्टीच पेटवून दिलीस की काय?" वाल्बुर्गा रडत होती. पहिल्या गोणीतले पीठ तिने ओच्यात घेतले आणि आधी समोरचे दार वाजवले.

नवस तिने मरेपर्यंत पाळला. मात्र जळणाऱ्या पावावर भट्टीची खूण तिने कधी केली नाही. हा पाव माझा नव्हे, एवढेच ती म्हणे.

ओटिलियाच्या वंशातले आता कुणी उरलेले नाही. भट्टीसमोरच्या घरांपैकी तिचे कुठले, तेही नक्की सांगता येत नाही. पण आजही धुके पडले की लिंडेनश्टेगची घंटा गप्प राहते, आणि जो कुणी भट्टीवर असेल तो पहिल्या पावावर अंगठा दाबून तो निखाऱ्यावर ठेवतो. दुसरा, नीट भाजलेला पाव नदी ओलांडून येणाऱ्या परक्या माणसांना देतात.

रूपर्टनी तो मोडून प्रत्येकाच्या हातात तुकडा ठेवला. प्रमिलाताईंनी लगेच खाल्ला नाही. त्यांनी खिडकीतल्या काळ्या पावाला बोटे लावली आणि ती कपाळाला टेकवली. बोटांची काजळी कपाळावर उमटली. ती त्यांनी दिवसभर पुसली नाही.