दिगंबरने आबांची काळजी घेतली

एका गावात एक भोळा नवरा होता. तो भोळा आहे हे त्याच्या बायकोला हातावरची मेंदी उतरायच्या आत, मोरीत भांडी घासताना कळलं. भिंतीपलीकडे नवऱ्याच्या आत्याबाई शेजारणीला दबक्या आवाजात सांगत होत्या, "मुलगा भोळा आहे, एवढंच तेवढं सोयरिकीत बोललो नाही. बाकी सगळं खरं सांगितलं हो!"

वैजयंतीने कढई जरा जोरात घासली. ती मुळातच कमी बोलायची. नव्या सुनेला हा गुण फार शोभतो, असं सगळे म्हणायचे. तेव्हा तिने तो तसाच ठेवला.

नवऱ्याचं नाव दिगंबर. त्याचा वडिलांवर, म्हणजे आबांवर, भारी जीव. आबांचा जीव मात्र एसटीच्या फाट्यावर. तिथे रोज संध्याकाळी त्यांचे जुने मित्र म्हादबा भेटायचे. दोघं बाकड्यावर बसायचे, एका चहाचे दोन करून प्यायचे आणि तावातावाने भांडायचे. तेवढं भांडण झालं, की आबांना रात्री गाढ झोप लागायची.

एकदा आबा न्हाणीत घसरले. हाड शाबूत राहिलं, पण दिगंबरचं काळीज हललं. तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला.

"या वयात पडणं वाईट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहीही करा, पण त्यांना पुन्हा पडू देऊ नका."

"कळलं. तसंच करतो," दिगंबर म्हणाला.

घरी येऊन त्याने विचार केला. हे काम तो क्वचित करायचा, म्हणून मन लावून केलं. पडतो कोण? जो उभा राहतो तो! त्याने गोठ्यातून दावं आणलं आणि आबांना खाटेला बांधून टाकलं.

"अरे, मी काय म्हैस आहे?" आबा ओरडले.

"छे, आबा! म्हशीला तर मी रोज चरायला सोडतो."

आबा काही पुन्हा पडले नाहीत. पाय तेवढे सुजले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "बांधून ठेवतात का माणसाला? चालवा त्यांना! चांगला घाम फुटेपर्यंत चालवा."

"चुकलं. आता तसंच करतो."

पुढे आबांना ताप आला. अंगात नुसती हुडहुडी. दिगंबरने त्यांना गोधडीतून उपसलं आणि मारुतीच्या देवळाभोवती फिरवायला सुरुवात केली.

"फुटला का घाम, आबा?"

"अरे, दात वाजतायत माझे!"

"मग अजून एक फेरी."

लोक कौतुकाने बघत होते. वडिलांना एवढं हाताला धरून फिरवणारा मुलगा हल्ली कुठे मिळतो? वैजयंती ओसरीवरून बघत होती. तिच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. ते तिने गिळलं आणि काढा करायला आत गेली.

"तापात कुणी चालवतं का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोधडीत गुंडाळून निजवायचं. आणि कुणाला जवळ फिरकू द्यायचं नाही."

"चुकलं. आता तसंच करतो."

ताप उतरला. आबांनी दाढी केली, धुतलेली टोपी घातली आणि चपला शोधू लागले. तेवढ्यात म्हादबाच दारात आले. दिगंबरने आबांना उचललं, ऐन चैत्राच्या उन्हात दोन गोधड्यांत गुंडाळलं आणि दार ओढून घेतलं.

"आबा निजलेत, काका."

"मी जागा आहे रे, म्हादबा!" गोधडीतून आवाज आला.

"झोपेत बडबडतात," दिगंबर म्हणाला.

म्हादबा हिरमुसून परत गेले. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. वैजयंतीने ताट झाकून ठेवलं. घरात सगळे म्हणाले, वय झालं की भूक कमी होतेच.

घामोळ्यांनी अंग भरलेले आबा दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी आता हातच जोडले. "अहो, बरं वाटल्यावर माणसांत न्यायचं! चार माणसं जमतील तिथे बसवा. हसवा त्यांना."

"चुकलं. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसं जमली होती ती पाटलांच्या दारात. पाटलांची म्हातारी गेली होती. दिगंबरने आबांना तिरडीशेजारी बसवलं आणि काखेत गुदगुल्या केल्या. आबांना लहानपणापासून गुदगुल्या सहन होत नाहीत. ते हसले. दाबून दाबून शेवटी खदखदून हसले. पाटील बांबू घेऊन धावले.

घरी आत्याबाईंनी दिगंबरला फैलावर घेतलं. "मेल्या, चार माणसं जमली की डोळ्यांत पाणी आणावं! माणसाबद्दल दोन शब्द चांगले बोलावेत, आत्म्याला शांती मागावी, दोन मिनिटं उभं राहावं. एवढंही कळत नाही?"

"चुकलं, आत्या. आता तसंच करतो."

पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीने गावातल्या ज्येष्ठांचा सत्कार ठेवला. शाळेच्या मैदानात मांडव पडला. आबा खुशीत होते. शालीचं त्यांना काही नव्हतं. पण शाळेच्या फाटकाबाहेरच फाटा होता.

आबांच्या गळ्यात हार पडला. सरपंच म्हणाले, "आता चिरंजीव दोन शब्द बोलतील."

दिगंबर माइकपाशी गेला. चार माणसं जमलेली होतीच, उलट चारशे होती. त्याने आधी डोळ्यांत पाणी आणलं.

"आबा फार चांगले होते," तो हुंदका देऊन म्हणाला. "कधी कुणाला दुखावलं नाही. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. आता आपण दोन मिनिटं उभं राहू."

गावाला सवय होती. सगळा मांडव माना खाली घालून उभा राहिला. सरपंच उभे राहिले. हार घातलेले आबाही टोपी काढून, कुणाचा हात न धरता, ताठ उभे राहिले.

मग आबाच उभे आहेत हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि एकच गिल्ला झाला. "अरे, बसवा त्यांना!" "बसवू नका, निजवा!" "जरा चालवा, मोकळं वाटेल!" चौघांनी आबांना चार बाजूंनी धरलं. फाटकापाशी म्हादबा चहाचा ग्लास उंच धरून खुणा करत होते. आबांची मान तिकडे, हातपाय चौघांकडे.

बायकांच्या घोळक्यातून वैजयंती उठली. पदर सारखा करून ती मंचापाशी आली. गावाने तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"सोडा त्यांना. मेलेल्या माणसाला पथ्य नसतं. मामंजी, तुम्ही फाट्यावर जा. चहा निवतोय."