झाकण

"पण माझ्या मलमात खोट कुठे आहे, बुवा?"

निळकंठ डबी हातात घेऊन उभा होता. येवल्यात या तरुण वैद्याचं नाव झालं होतं. हाताला गुण होता, मान्यच. फक्त तो गुण आहे हे त्याला जरा लवकरच कळलं होतं.

उंबऱ्याशी गिरजा बसली होती. पैठणी विणणारी. तिनं रेशमाचा धागा बोटावरून ओढला. कोरड्या, चिरलेल्या कातडीत तो अडकला नि तुटला.

"मालक म्हणतात, माग दुसरीला देतो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ही रोज हात धुते, पंच्यानं खडखडीत कोरडे करते, मग लावते. मी सांगितलं तस्संच!" निळकंठ म्हणाला. "कोरफड, मंजिष्ठा, तिळाचं तेल... काय कमी आहे?"

अंबादासबुवांनी बोटभर मलम मनगटावर चोळलं. डोळे मिटून वास घेतला.

"वा! असं मलम माझ्या हातून कधी उतरलं नाही रे."

निळकंठ फुलला. गुरूंच्या तोंडून असं ऐकायला तो किती वर्षं आसुसला होता!

"आता तेवढं माठावर झाकण ठेव."

निळकंठ उठला. "बुवा, माठ तर ठणठणीत कोरडा आहे!"

"असू दे. झाकण घट्ट बसतंय ना? संध्याकाळपर्यंत भरेल."

"काहीतरीच काय! झाकणानं कधी माठ भरतो?"

बुवा उठले.

त्यांनी परातीत कोमट पाणी ओतलं. गिरजाचे हात धरून त्यात बुडवले. बोटं मऊ होईतो तसेच राहू दिले.

तिनं हात बाहेर काढताच निळकंठानं सवयीनं पंचा पुढे केला.

बुवांनी तो काढून घेतला नि आपल्या खांद्यावर टाकला. मग ओल्याच हातांवर निळकंठाचं मलम चोळलं. अगदी हळू, माहेरी आलेल्या लेकीचे हात धरावेत तसं.

"काम आटोपलं की रोज असंच कर, पोरी."

निळकंठ माठाकडे बघत राहिला...

पंधरवड्यानं गिरजा आली. उंबऱ्यातच तिनं धागा काढला, बोटावरून ओढला.

सर्रकन गेला.

"माग माझ्याकडंच राहिला, बुवा!" ती हसत होती, रडतही होती.

निळकंठानं बुवांचे पाय धरले. "गुण तुमच्या हाताचा."

"छे रे! झाकण तुझंच. मी नुसता माठ भरला."