काचधातू आणि पुलाच्या तुळया

“ही गोष्ट बाहेर सांगू नकोस, साहेबांना झोंबेल,” असं फाउंड्रीतल्या मामानं बजावलं होतं. तरी लिहिते.

फार पूर्वी काचधातूचा एक दांडा होता. वितळलेला रस झटकन गार केल्यानं त्याचे कण काचेतल्यासारखे विस्कटलेले राहिले, रांगेत बसलेच नव्हते. तो पोलादाहून बळकट होता, पण मोडला की एकदम मोडे. त्याला पुलावर जायचं होतं.

“पुलाला तू नकोस,” पोलादी तुळया म्हणाल्या. “आम्ही आधी वाकतो, माणसांना सावध करतो.”

त्याला पटलं. तो पुन्हा भट्टीत उतरला, मऊ धातूचे कण पोटात घेऊन आला. आता ओझ्याखाली तो वाकला, मोडला नाही.

“शी, भेसळ! वाकतोय बघा,” तुळयांनी नाकं मुरडली.

दांडा संतापला. “काल मोडतो म्हणून नको, आज वाकतो म्हणून नको! खरं कारण सांगा ना, बायांनो!”

थोरली तुळई पुटपुटली, “तू पुलावर गेलास, तर आम्हाला कोण…”

आले गं आई, एवढं वाक्य लिहून