गिरणीवाला सोपान मॅडमकडे जातो

एका गावात पिठाची गिरणी होती आणि त्या गिरणीवर एक भोळा माणूस बसायचा. त्याचं नाव सोपान. मनानं चांगला, पण सांगाल तेवढंच करणार आणि सांगाल तसंच करणार. दिवसभर गिरणीच्या घरघराटात त्याला एकच वाक्य बोलायची सवय लागली होती, "बारीक का जाड?" घरी तेवढंही नाही. बायको अनसा मनातलं काही सांगायला बसली, की हा नुसता "हं" म्हणायचा आणि जेवून झोपायचा.

अनसानं बरीच वर्षं सोसलं. मग एक दिवस तिनं बजावलं, की तालुक्याला एक मॅडम आहेत, नवरा-बायकोचं बिनसलं की दोघांचं ऐकून घेतात आणि वाट दाखवतात. त्यांच्याकडे जायचं. तिथंही तुमचं तोंड उघडलं नाही, तर मी माहेरी चालले, कायमची. सोपान घाबरला. त्याचा अनसावर फार जीव होता. फक्त ते बोलून दाखवायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आधी तुम्ही जाऊन सगळं नीट विचारून या," अनसा म्हणाली. फी काय, एकट्यानं यायचं का जोडीनं, किती वेळा यायचं, आणि आपलं बोलणं बाहेर फुटणार नाही ना. सोपाननं वाटभर घोकत जाऊन सगळं विचारलं. मॅडमनी सगळं समजावलं, दोघांना सोमवारची वेळ दिली आणि म्हणाल्या, "काळजी करू नका. या खोलीतलं बोलणं या खोलीतच राहतं."

घरी आल्यावर अनसानं विचारलं, काय म्हणाल्या मॅडम? सोपान गप्प. फी किती? गप्प. बरं, जायचं कधी? सोपाननं ओठ घट्ट मिटले. सोमवार आला नि गेला. मंगळवारी मॅडमचाच फोन आला, आला का नाहीत म्हणून. अनसानं कपाळाला हात लावला.

"अहो, असली गोष्ट लपवायची नसते. मोकळेपणानं सांगायची असते."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या सोमवारी दोघं गेली. अनसा पोटातलं सगळं बोलली. नवरा दोन शब्द बोलत नाही म्हणून आपण उशीत तोंड खुपसून रडतो, हेही तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला सोपाननं ते मोकळेपणानं सांगितलं. आधी बारीक का जाड, मग उशीचं. संध्याकाळी अर्ध्या गावच्या बायका अनसाची समजूत काढायला दारात हजर. अनसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, जे काय बोलायचं ते मॅडमसमोर. दुसरीकडे कुठं अवाक्षर काढायचं नाही."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

त्याच आठवड्यात अनसानं अंगणात कुरडया वाळत घातल्या आणि सोपानला राखणीला बसवून ती बाजारात गेली. एक शेळी आली. सोपाननं शेळीकडे बघितलं, शेळीनं सोपानकडे बघितलं. हा काही बोलत नाही म्हटल्यावर तिनं निवांत सगळ्या कुरडया संपवल्या आणि निघून गेली. अनसानं परत येऊन घर डोक्यावर घेतलं, कुरडया गेल्या कुठं? आमचा सोपान गप्प. आता काय म्हणावं या माणसाला? सोमवारी मॅडमच्या खोलीत खुर्चीला टेकला आणि म्हणाला, "मॅडम, कुरडया शेळीनं खाल्ल्या."

अनसा रडायलाच लागली. कुरडयांसाठी नव्हे, या माणसाला आपण दिसतच नाही म्हणून. मॅडम सोपानला म्हणाल्या, जरा तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सोपान उठला आणि अनसाला खुर्चीवरून उठवायला लागला.

"तसं नव्हे हो," मॅडम म्हणाल्या. "तिचं दुःख ते आपलंच दुःख समजायचं. तिला जे वाटतं, ते आपल्याला वाटलं पाहिजे."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसानं पिशवी भरली. पुरे झालं, म्हणाली, या माणसाशी माझं जमायचं नाही. सोपाननं ऐकलं आणि स्वतःला तिच्या जागी ठेवलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानंही पिशवी भरली. एसटीत तो तिच्या शेजारी बसून हुंदके देत होता आणि ती रागानं खिडकीबाहेर बघत होती.

माहेरी अनसाचे वडील दारातच भेटले. काय झालं गं, म्हणाले. अनसानं पिशवी पायरीवर आदळली. तेव्हा सोपान जन्मात पहिल्यांदा मनातलं बोलायला लागला.

"काय सांगू मामा. बाई दिवसभर राबते, दोन गोड शब्दांची वाट बघते, आणि हा नवरा हं म्हणतो नि झोपतो. इकडे उशी भिजून जाते, त्याला पत्ता नाही. किती सोसायचं माणसानं? शेवटी आम्ही दोघं त्याला सोडून आलो."

म्हातारा बघतच राहिला. अनसाही. लग्न झाल्यापासून जे ऐकायला तिचा जीव आसुसला होता, ते सगळं आज तिच्या कानावर पडत होतं. मग तिला असं हसू फुटलं की ती पायरीवरच बसली. राग कुठल्या कुठं गेला. डोळे पुसत ती म्हणाली, "चला, उठा. आपल्या घरी जाऊ."

सोपान ओट्यावर मांडी ठोकून बसला.

"अजिबात नाही," तो म्हणाला. "तो हात जोडून न्यायला आल्याशिवाय आपण इथून हलायचं नाही."

आणि नवरा कधी येतो म्हणून रस्त्याकडे डोळे लावून बसला.