चौकीच्या फळ्यावरची स्कूटर

गाड्या आपसात बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. मंडईसमोर 'येथे वाहने लावू नयेत' अशी पाटी होती आणि नेमक्या तिच्याखाली रोज दोघी उभ्या असायच्या. एक जुनी लाल स्कूटर आणि दुसरी काळी, अवाढव्य मोटार.

दुपारी चौकीचा टेंपो यायचा. चार माणसं खाली उतरून स्कूटरला धरायची, टेंपोत चढवायची आणि चौकीच्या आवारात नेऊन टाकायची. मोटारीच्या काचेवरची धूळसुद्धा हलायची नाही. स्कूटरचा नुसता जळफळाट व्हायचा. "नशीब काढलंय मेलीनं," ती पुटपुटायची.

एके दिवशी तिनं चौकीच्या भिंतीवरचा फळा वाचला. नियम मोडणाऱ्या स्कूटरी साठ, मोटारी शून्य. तिचं काळीज करपलं.

"टेंपोदादा, आमची जातच बेशिस्त का हो? ती तर माझ्या शेजारीच उभी असते."

टेंपो ओझी वाहून दमला होता. "तिला उचलायला गेलो तर माझंच कंबरडं मोडेल, बाई. मला जेवढं पेलतं, तेवढंच फळ्यावर चढतं."

दुसऱ्या दिवशी पाटीपासून वीस पावलांवर गाड्या लावायची जागा रिकामी होती. स्कूटरनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती पुन्हा मोटारीला खेटूनच उभी राहिली. नियम पाळायचं तिच्या मनातही आलं नाही. तिला फक्त जड व्हायचं होतं.